चौऱ्याऐंशीचा फेरा

दहावीच्या निकालानंतर दोन प्रकारच्या घरांत शांतता असते. पंच्याण्णवच्या पुढे टक्के पडलेल्या मुलाचं काय करायचं हे तो सातवीत असतानाच ठरलेलं असतं. क्लासचा पहिला हप्ताही भरून झालेला असतो. आणि पस्तीस-चाळीसच्या काठावरून जे पोर 'सुटलो एकदाचा' म्हणत बाहेर पडतं, त्याच्या घरी पेढे जरा जास्तच वाटतात. पुढचं कुणी काढत नाही. खरी पंचाईत मधल्यांची. त्यातही चौऱ्याऐंशी टक्के हा आकडा छळायलाच जन्माला आलाय. सायन्स सोडायचं म्हटलं तर तो मोठा वाटतो, घ्यायचं म्हटलं तर लहान. कॉमर्सचं नाव काढलं की 'एवढे मार्क असून?' असं विचारतात, आणि आर्ट्स म्हटलं की घरातली मोठी माणसं टीव्ही बंद करून बोलायला बसतात.

आमच्या भाचीला ८४.२० टक्के पडले. तेही सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरून. या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'वर सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली शिक्कामोर्तब केलं, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एक विषय असा असतो, ज्याचं नाव जेवताना काढायचं नसतं. भाचीच्या घरी तो हिंदी. माझ्या आईला टक्क्यांमधलं फार कळत नाही, पण टीव्हीवर 'अकरावी प्रवेशाची पहिली फेरी, दुसरी फेरी' ऐकून ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून माणसाचा जन्म मिळाला पोरीला, आता परत फेऱ्याच का?"

या सगळ्यात माझी भूमिका मामाची. मामाला आयुष्यात तीन कामं असतात: उन्हाळ्यात आंबे आणणं, भाचीच्या लग्नात तिला बोहल्यापर्यंत नेणं आणि या दोहोंच्या मध्ये कधीतरी, दहावीनंतर, योग्य सल्ला देणं. पहिलं मी दरवर्षी करतो. दुसऱ्याला अवकाश आहे. तिसऱ्यासाठी बहिणीनं मला रविवारी जेवायला बोलावलं. पुरणपोळी होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

माझ्या आधी बरेच जण येऊन गेले होते. सल्लागारांची एक गंमत मी पाहिली आहे: ज्याला स्वतःचा मुलगा आवरत नाही तो दुसऱ्याच्या मुलीचा कल फार अचूक ओळखतो. पुण्याच्या काकांनी तर फोनवरूनच निकाल दिला. दाजींचे हे थोरले भाऊ. पुण्याला गेल्यापासून त्यांना सांगलीतलं सगळं स्पष्ट दिसतं. "कशाला स्कोप आहे ते आधी बघा," ते म्हणाले. "आवडीचं काय, आवड लागते."

स्कोप या गोष्टीचा मी धसका घेतलाय, कारण मी तिला उभ्या आयुष्यात बऱ्याच वेळा जाताना पाहिलंय. माझ्या तरुणपणी स्कोप बँकेत होता. मग १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादा आमच्या सांगलीचे. स्वतः फार शिकलेले नव्हते, पण १९४३ साली सांगलीच्या तुरुंगाचा तट ओलांडून निसटलेले. अशा माणसाला प्रवेशाची दारं उघडणं काय जड जाणार! तोवर देणगी मोजून कर्नाटकात जाणारी पोरं इथेच थांबली, आणि हळूहळू गल्लीगल्लीत एक इंजिनिअर दिसू लागला. पुढे गल्लीत तीन-तीन झाले, तेव्हा स्कोप डी.एड.कडे गेला होता. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. मानधन तुटपुंजं, पण तीन वर्षांनी कायम होणार या भरवशावर बारावीला उत्तम मार्क मिळवलेली मुलं-मुली डी.एड.च्या रांगेत उभी राहिली. लग्नाच्या बाजारात 'डी.एड. आहे' हे वाक्य पुरत असे. कॉलेजं इतकी निघाली, की एका इमारतीत खाली मंगल कार्यालय आणि वर अध्यापक विद्यालय अशी सोय मी पाहिली आहे. मग भरती थंडावली, २०१३ मध्ये वर टीईटी ही पात्रता परीक्षा बसली, आणि ती विद्यालयं एकेक करून मिटली. खालची कार्यालयं मात्र जोरात आहेत. स्कोप म्हणजे शेजारच्या गावचा पाऊस: ढग इथून दिसतात, आपण छत्री घेऊन पोहोचेपर्यंत तो पुढच्या गावाला गेलेला असतो.

हे सगळं मी पुण्याच्या काकांना सांगितलं नाही. ते सध्या 'एआय'बद्दल बोलतात.

सरकारनंही मध्यंतरी मदत करून पाहिली. २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी घ्यायला सुरुवात झाली. माझा पुतण्या त्यातून गेला. मुलाचा कल कुठे आहे ते सांगणारा कागद घरी आला. त्यातल्या क्षेत्रांत कला, वाणिज्य, कृषी, आरोग्य यांच्या जोडीला 'गणवेशधारी सेवा' असंही एक होतं. पुतण्याचा कल तिथे निघाला. वहिनी आठवडाभर हरखून होत्या. त्यांना डोळ्यांसमोर थेट फौजदारच दिसत होता. पोरगं आता एका मोठ्या औषधदुकानात आहे. निळा टी-शर्ट, खिशावर दुकानाचं नाव. चाचणी चुकली असं कोण म्हणेल?

तर पुरणपोळी झाली, तूप झालं, आणि बहीण म्हणाली, "आता सांग तिला काहीतरी." मी घसा साफ केला. पण त्याआधीच भाचीनं विचारलं, "मामा, तुम्ही कॉमर्स का घेतलं होतं?"

आता खरं सांगायचं तर मी कॉमर्स घेतलं नव्हतं, एस.टी.नं मला दिलं होतं. आमचं गाव तासगाव तालुक्यात, कॉलेज सांगलीत. सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारी उशिरापर्यंत चालत आणि आमच्या गावाला जाणारी शेवटची गाडी त्याआधी सुटे. मुक्कामी राहायला सांगलीत कुणी नव्हतं. कॉमर्सचे तास सकाळचे. एवढं साधं कारण. त्यातून बी.कॉम. झालं, बँकेची परीक्षा झाली, नोकरी झाली, आणि निवृत्तीच्या समारंभात आमचे विभागीय अधिकारी म्हणाले, की साहेबांना लहानपणापासून आकड्यांची ओढ होती. मी मान खाली घालून हार स्वीकारला. तोवर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

भाचीला हे इतकं आवडलं की तिनं लगेच आपल्या वडिलांकडे मोर्चा वळवला. दाजी मेकॅनिकल डिप्लोमावाले. पंपांच्या दुरुस्तीचं दुकान, सचोटीचा माणूस. ते आधी म्हणाले, "मला मशिनची आवड." मग जरा थांबून म्हणाले, "मित्र फॉर्म आणायला गेला होता, त्यानं एकाच रांगेत दोन आणले. एक वाया कशाला घालवायचा?" मित्राला प्रवेश मिळाला नाही, दाजींना मिळाला. मित्राचं आता गुऱ्हाळ आहे, आणि दाजी त्याचे पंप दुरुस्त करतात. बहिणीनं मराठी घेऊन बी.ए. केलं, कारण ते कॉलेज एस.टी. स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि वाटेत ओळखीची चार घरं होती. म्हणजे आजोबांना चार ठिकाणांहून तिच्यावर नजर ठेवता येत होती. समोरच्या घरातल्या मुलाचा आयटीआयला वायरमनसाठी नंबर लागला नाही, म्हणून तो फ्रिज-एसीच्या ट्रेडला गेला. मे महिन्यात त्याचा फोन लागत नाही, इतकी त्याला मागणी आहे. आवडीनं गेलो, असं त्या बोळात फक्त एकच जण म्हणाला, आणि तो तीन वर्षं झाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. त्यामुळे त्याचं मत धरलं नाही.

मला मग बसल्या बसल्या जिल्हाच आठवायला लागला. इथून गाडीनं जरा पुढे गेलं की किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली माळावर कारखाना उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना व्हायचं होतं चित्रकार. वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नाही. रंगकाम सुटलं, हातात यंत्रांची ड्रॉइंगं आली, त्यातून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणं, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. त्या काळी कलचाचणी असती तर कागदावर 'ललित कला' आली असती आणि वडिलांनी तो कागद चुलीत घातला असता. दोघांपैकी कुणाचंच बरोबर ठरलं नाही.

मिरजेची तऱ्हा याहून न्यारी. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत सतार-तंबोरे घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात उद्योग. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचे दिवस सरले, तलवार म्यानात गेली ती गेलीच, आणि धार लावून घ्यायला कुणी येईना. गावात गवई होते, त्यांचे तंबोरे बिघडत. फरीदसाहेबांनी ते दुरुस्त करता करता घडवायला घेतले. सांगायला हे एका वाक्याचं काम. पण शस्त्राच्या पात्यावरून हात फिरवून कस सांगणाऱ्या माणसानं पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यावर हात फिरवून त्यातला नाद ओळखायला शिकायचं, हे काय थोडं झालं? पुढे शिकलगारांचे सतारमेकर झाले, आडनाव झालं. अलीकडे, २०२४ साली, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अकरावीच्या अर्जात मात्र ही वाट कोणत्या शाखेच्या दारातून जाते ते कुठे लिहिलेलं नाही.

आणि विट्याकडची पोरं? खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ हा सगळा अवर्षणाचा टापू. शाळा झाली न झाली, की पोरगं मामाबरोबर नाहीतर चुलत्याबरोबर रेल्वेत बसायचं आणि केरळात, तमिळनाडूत, बंगालात, जिथे सराफ बाजार असेल तिथे उतरायचं. धंदा गलाईचा: सोनं-चांदी वितळवून, आम्लात घालून, शुद्ध करून द्यायची. भाषा येत नाही, भात आवडत नाही, आणि हातात दुसऱ्याचं सोनं. वर्षा-दोन वर्षांत ती पोरं अस्खलित मल्याळम बोलायला लागतात. कोणत्याही मोठ्या गावाच्या सराफकट्ट्यावर जाऊन 'विट्याकडचं कोण आहे का?' विचारावं, कुणीतरी भट्टीवरून मान वर करतंच. त्यांतल्या किती जणांनी 'मला मेटलर्जीत रस आहे' असं म्हटलं असेल? गाडीत जागा होती आणि मामा ओळखीचा होता, एवढ्यावर झालं सगळं. (मामाच्या सल्ल्याचं मोल मी सांगतोय ते उगाच नाही.)

मी हे बोलत असताना दाजी अस्वस्थ व्हायला लागले. "म्हणजे काहीच ठरवायचं नाही का?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पोरीला कुठल्यातरी मालगाडीत बसवून द्या, असं काही मला सुचवायचं नव्हतं. सांगली ही नाट्यपंढरी. इथल्या प्रत्येक बापाला, पोरगं रंगमंचाकडे वळलं की, एकच वाक्य येतं: आधी डिग्री घे, मग काय ते नाटक कर. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन आणि काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर निघाल्यामुळे त्या वाक्याला जो जोर चढला तो अजून उतरलेला नाही. दाजीही त्याच चालीवर म्हणाले, "आधी सायन्स घेऊ दे, मग काय ते..." आणि थांबले. कारण 'मग काय ते' म्हणजे काय, हे पोरीनं अजून सांगितलेलंच नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं, असं माझ्या लक्षात आलं. सगळे तिला 'पुढे काय?' विचारत होते. ती दिवसभर काय करते हे कुणी विचारत नव्हतं.

ती काय करते ते खरं तर सगळ्यांना माहीत होतं. तिचं घर सांगलीच्या गावभागात, नदीजवळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती तिसरी-चौथीत असेल. जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते खडूनं भिंतीवर लिहीत बसली होती, तिला ओढून होडीत घालावं लागलं. त्या पावसाळ्यापासून तिची वही आहे. जुलै लागला, की रोज सकाळ-संध्याकाळ आयर्विनची पातळी, कोयनेतून किती क्युसेक सोडले, वारणेला किती पाणी आहे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती साठा. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, या दोन रेघा तिनं प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीनं आधीच मारून ठेवलेल्या. सोडलेलं पाणी सांगलीत कधी पोहोचणार याचा तिचा स्वतःचा हिशोब आहे. तो पुष्कळदा बरोबर येतो. बोळातले लोक तळमजल्यावरची गहू-तांदळाची पोती वर चढवायची की नाही, हे बातम्या ऐकून ठरवत नाहीत. खिडकीखाली उभे राहून तिला हाक मारतात. अलमट्टीबद्दल सांगलीत प्रत्येकाचं ठाम मत असतं, ते असायलाच हवं. भाची एकटी अशी आहे, जिचं मत आकडा बघून बदलतं.

आणि या वहीबद्दल घराचं म्हणणं काय? तेवढा वेळ गणिताला दिला असता तर नव्वद पडले असते.

मी म्हटलं, वही आण. दाजींनी ती पहिल्यांदाच उघडून नीट पाहिली. बराच वेळ पानं उलटली, एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "ह्या दिवशी माझ्या दुकानात पाणी आलं होतं." भाची म्हणाली, "मी आदल्या रात्री सांगितलं होतं." दाजींनी पुढचं पान काढलं.

यातून शाखा ठरली असं समजू नये. वहीवर शाखेचं नाव नसतं, आणि मीही तिला 'तू अमुक हो' म्हणालो नाही. सांगलीतल्या एका निवृत्त बँकवाल्याला नदीचा अभ्यास करणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं याची काय कल्पना? आम्ही आपला अर्ज भरायला बसलो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. दहा कॉलेजांचे पसंतीक्रम देता येतात, पण पहिला जपून लिहायचा: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. एवढ्या कडक अटी लग्नातही घालत नाहीत. बहिणीला जवळचं कॉलेज हवं होतं, दाजींना नावाजलेलं, पुण्याच्या काकांना पुण्यातलं, आणि भाचीला मैत्रिणीचं. मैत्रिणीच्या वडिलांना आमचं काय ठरलंय ते हवं होतं. त्यांनी त्यासाठी दोनदा फोन केला. शेवटी एकदाची सायन्सची यादी झाली, कारण त्यावर सगळ्यांची नाराजी सारखी होती.

पहिल्या फेरीत तिसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलं. आम्ही एक फेरी थांबायचं की घ्यायचं, यावर रात्री अकरापर्यंत चर्चा केली. सकाळी मैत्रिणीलाही तेच लागल्याचं कळलं आणि चर्चा संपली.

कागदपत्रं घेऊन गेलो तेव्हा खिडकीत एक वयस्क क्लार्क होते. चष्मा कपाळावर, समोर मूळ दाखल्यांचा ढीग. त्यांनी मार्कशीट पाहिली, वर न बघताच विचारलं, "बायो घेणार का?" भाची गप्प. दाजी माझ्याकडे बघायला लागले, मी दाजींकडे. क्लार्क म्हणाले, "सामाजिक शास्त्रांत छान मार्क आहेत हिला. सायन्सला भूगोल घेता येतो, माहितेय ना? कुणी घेत नाही, पण घेता येतो. चार पोरं झाली तर तुकडी चालते, तीन झालीत."

इतक्या दिवसांत घरात जेवढे लोक बोलून गेले, त्यांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं. पुण्याच्या काकांनाही नाही. भाचीनं खिडकीच्या गजातून हात घालून अर्ज परत घेतला, बायो खोडलं आणि भूगोल लिहिलं. क्लार्कनी चष्मा खाली घेऊन खाडाखोडीवर सही मागितली. पालकाची सही दाजींनी केली. मागचा माणूस म्हणाला, "आटपा की."

घरी येऊन चहा होतोय तोच पुण्याहून फोन आला. दाजींनी स्पीकर लावला.

"काय ठरलं शेवटी?"

"सायन्स," दाजी म्हणाले. "बायोऐवजी भूगोल घेतलाय. तिचं लहानपणापासून ठरलेलंच होतं. नदीची आवड फार तिला." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर जराही हलली नाही.

"भूगोल? त्याला कितपत स्कोप आहे?"

दाजींनी फोनवर तळहात ठेवला आणि आत वळून विचारलं, "अगं, किती सांगू?"

"आत्ता?" भाची वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बावीस फूट चार इंच. पण रात्री वाढेल."